यशवर्धनचं राज्य

१९ मार्च, रंगपंचमी

सगळं इंदूर राजवाड्याच्या गेरमध्ये, रंगांच्या मिरवणुकीत, नाचत होतं आणि आमच्या काकांनी अंगणात, गालाला गुलाल लावून, कंपनीचा वारस जाहीर केला. "आजपासून यश एमडी. इरा त्याला सांभाळून घेईल."

इरा म्हणजे मी. इरावती. मला सांभाळून घ्यायचंय की नाही, हे कुणी विचारलं नाही. काका, म्हणजे प्रतापराव घाडगे, विचारत नाहीत. सांवेर रोडवर शेव-नमकीनची पाकिटं भरणारी मशीनं बनवायचा कारखाना त्यांनी उभा केला तोही कुणाला न विचारता, आणि चालवलाही तसाच. त्यांच्यासमोर कोणी बोलत नाही. गेली बावीस वर्षं मी तिथे खरेदी बघते, हिशेब बघते, भांडणं बघते. त्यातली बरीच वर्षं काकांचा मुलगा यशवर्धन पुण्याला होता. दुसऱ्यांनी कंपनी कशी चालवावी ते सांगणाऱ्या एका कंपनीत. आता चौतिसाव्या वर्षी त्याला स्वतःची चालवून बघायची हौस आलीय, आणि काकांना धाप लागते म्हणून ती पुरी होतेय.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जरा जास्तच जोरात.

गाडीत संजीव म्हणाला, "वाईट वाटलं ना तुला?"

मी म्हटलं, "छे." माझा नवरा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. ज्यांची उत्तरं द्यावीशी वाटत नाहीत तेवढेच प्रश्न त्याला सुचतात.

संक्रांतीला बँकेने दिलेली ही डायरी कोरीच पडली होती. यात लिहीन म्हणते. बोलून दाखवण्याच्या लायकीचं तिकडे कोण आहे?

२ एप्रिल

एमडीसाहेबांचं पहिलं भाषण. शॉपमध्ये, म्हणजे जिथे मशीनं बनतात तिथे, एका लाकडी खोक्यावर चढून. निम्मं हिंदी, पाव इंग्रजी, उरलेलं आपल्या मराठीत. तीन वर्षांत कंपनीची किंमत तिप्पट करायची म्हणे. कामगार ऐकत होते, कारण तेवढा वेळ मशीन बंद होतं.

मग ऑफिस शहरात पलासियाला हलवण्याची घोषणा. ग्राहकाला तिथे यायला सोपं, बँका जवळ, नवीन मुलं सांवेर रोडवर यायला तयार नसतात वगैरे. काचेच्या भिंती, त्यावर फुगे चिकटवल्यासारखे रंगीत गोळे. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुझी केबिन माझ्या शेजारी ठेवलीय. मला खूप गोष्टी माहीत नाहीत गं. तू जवळ असलीस तर बरं."

पहिल्याच महिन्यात एमडी कबूल करतो की त्याला माहीत नाही! काकांनी चाळीस वर्षांत हे वाक्य उच्चारलं नाही, माहीत नसतानाही नाही. मी म्हटलं, "मी इथेच बरी. माझ्या नाकाला मशीनच्या तेलाची सवय आहे." त्याचं तोंड उतरलं. लगेच उतरतं ते.

२४ एप्रिल

शॉपमध्ये मोठे पंखे बसले. सगळ्या कामगारांचा विमा. प्रेसच्या तोंडाशी जाळ्या, म्हणजे बोटं आत जाणार नाहीत. बावीस वर्षांत दोघांचीच बोटं गेली, आणि दोघांनाही काकांनी नोकरीवर ठेवलं. लोकप्रिय व्हायचे सोपे मार्ग आहेत हे. दुपारी यशवर्धन कामगारांबरोबर बाकावर बसून पोहे खात होता. मालकाने बाकावर बसू नये. बाक छोटा होत नाही, मालक होतो.

१५ मे

नव्या मशीनचा तमाशा झाला. नाव ठेवलंय 'गती'. मेल्यावर आत्म्याला मिळते ती, असं मी मनात म्हटलं. जुन्या मशीनच्या दुप्पट वेगाने पाकिटं भरतं, सील करतं, कापतं. मुंबईहून गुंतवणूकदार आले होते, तिघं, तिघांचे बूट एकसारखे. त्यांना कंपनीचा चौथा हिस्सा हवाय. त्यांनी कंपनीची जी किंमत लावली ती ऐकून काका खुर्चीत ताठ बसले. अट एकच: या दिवाळीच्या हंगामात 'गती' विकलं गेलं पाहिजे. बोलणी नोव्हेंबरात पक्की होतील.

प्रयोग मुरमुऱ्यांवर केला. धडाधड पाकिटं पडत होती, पाहुणे मान डोलवत होते. मला हसू आलं. मुरमुऱ्यांवर काय, कोणतंही मशीन पळेल. इंदूर खातं शेव. शेवेचा चुरा आणि तेल उडून सीलच्या जागी बसलं की काय होतं हे बघायची कुणाला गरज वाटली नाही.

म्हणजे एकीला वाटली. डिझाइनमध्ये सुरभी नावाची मुलगी आहे, दोन वर्षांपूर्वी लागली. तिने पाहुणे गेल्यावर यशवर्धनला हेच सांगितलं. त्यावर याने काय करावं? सगळ्यांसमोर "थँक्यू सुरभी, हे माझ्या डोक्यातच नव्हतं" म्हणाला! आणि पहिलं मशीन महिनाभर चाचणीसाठी मानपूरला द्यायचं ठरवलं, बाबूराव मोरेंच्या कारखान्यात. हायवेवर त्यांची शेव, भावनगरी गाठी, खाण्याचं सगळं चालतं. काकांच्या वेळचे ग्राहक.

"ताई, बाबूराव तुझ्याशीच बोलतात. तिकडून काही आलं तर मला लगेच कळवशील ना? मग आपण ऑर्डरी घेऊ."

म्हणजे बावीस वर्षांनंतर मी आता पोस्टमन.

९ जुलै

बाबूरावांचा फोन आला.

"ताईजी, तुमचं नवीन मशीन एकदम शानदार पळतं. पण पाकीट टिकत नाही हो. पंधरा दिवसांत हवा जाते, शेव नरम पडते, तेलाचा वास येतो. चुरा अडकतो सीलमध्ये. मी जुनंच चालू केलंय परत."

"बरं."

"यश भियाला सांगा. पलासियाला मी फोन लावला तर बाई म्हणते एक दाबा, दोन दाबा. मी काय दाबत बसू? म्हटलं ताईजींना सांगितलं की झालं."

मी म्हटलं, "बघते."

बघितलं. यशवर्धन दिल्लीला प्रदर्शनात होता. फोन लावता आला असता. पण मला वाटलं, एमडीला आपल्या मशीनचं काय चाललंय हे स्वतःहून विचारावंसं वाटलं पाहिजे. काकांना वाटायचं. विचारलं तर सांगेन.

जेवताना संजीवला गंमत म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मग यशला कळवलंस?"

"मला विचारलं नाही त्याने."

"पण त्याने तुला आधीच विचारून ठेवलंय ना, इरा?"

भात छान मोकळा झाला होता. मी विषय बदलला.

१४ जुलै

यशवर्धन दिल्लीहून ऑर्डरी घेऊन आला. पलासियाला मीटिंग. सगळ्यांना विचारलं, "'गती'बद्दल कुणाला काही शंका? आत्ताच बोला, नंतर मला महागात पडेल." सगळ्या खोलीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं कुणा एकाचं काम नसतं. मी पेन्सिलीला टोक करत होते.

मग माझ्याकडे वळला. "ताई, मानपूरहून काही?"

मी म्हटलं, "बाबूरावांचं काय, त्यांची कुरकुर नेहमीचीच."

यात एक अक्षर खोटं नाही. बाबूराव खरंच नेहमी कुरकुरतात. यशवर्धन हसला, "म्हणजे ठीक आहे तर," आणि सुरभीला म्हणाला, "बघ, उगाच घाबरलो आपण." त्याने दुसरा प्रश्न विचारला असता तर मी दुसरं उत्तर दिलं असतं. नाही विचारला. पुण्यात हे शिकवत नसावेत.

२७ ऑगस्ट

घरी गणपती. शॉपमध्येही बसवलाय. 'गती'ची पहिली मोठी खेप आज आरती करून ट्रकवर चढली. रतलाम, उज्जैन, देवास, एक तर पार नागपूरला. काका चाकाच्या खुर्चीत बसून बघत होते, डोळे ओले. यशवर्धन त्यांच्या पाया पडला, मग माझ्या. "ताई, तू होतीस म्हणून." मी डोक्यावर हात ठेवला. पेढा फार गोड होता, अर्धाच खाल्ला.

मला वाईट वाटलं का? वाटलं थोडं. काकांसाठी. पण ज्याला राज्य दिलं त्याने ते कसं केलं हे त्यांनाही दिसायला हवं.

१ ऑक्टोबर

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुटलं एकदाचं. रतलामच्या व्यापाऱ्याची पाकिटं दुकानांतून परत आली. उज्जैनची आली. नागपूरवाल्याने वकिलाचं नाव काढलं. सणाच्या तोंडावर त्यांचा माल कुबट झालाय आणि पाकिटावर त्यांचं नाव आहे, आमचं नाही, हे ते ओरडून सांगताहेत. पलासियाला 'एक दाबा, दोन दाबा'च्या पलीकडे फोन घेणारी मुलगी रडत घरी गेली.

यशवर्धनने बातमी ऐकून आधी पाणी मागितलं.

आज कित्येक महिन्यांनी मला जेवण गेलं. संजीव बघत होता माझ्याकडे.

१० ऑक्टोबर

एमडीसाहेब पाच दिवस शॉपमध्येच आहेत, हाताला कोपरापर्यंत ग्रीस. ते आणि सुरभी 'गती' उघडून बसलेत. काल त्यांनी सीलच्या तोंडाशी चुरा ओढून घेणारा छोटा पंखा बसवला आणि वेग थोडा कमी केला. आता शेवेवरही पाकीट धरतं म्हणे. त्यावर दोघांनी टाळी दिली. मोठी बहादुरी. दिवाळी दहा दिवसांवर, ग्राहकांनी जुनी मशीनं झाडून वापरायला काढली, अर्ध्या ऑर्डरी रद्द, आणि आता टाळी.

आता तो गाडीत पंखे टाकून गावोगाव निघालाय, स्वतः बसवायला, स्वतः शिव्या खायला. माणसं पाठवता येतात. पण कंपनीचा मालक ग्राहकाच्या दारात जमिनीवर पाना घेऊन बसतो. घाडगे घराण्यातले लोक होळकरांच्या फौजेत घोड्यावर बसायचे.

६ नोव्हेंबर

यशवर्धन माझ्या केबिनमध्ये आला. दाढी वाढलेली. दार लावून बसला.

"मानपूरला जाऊन आलो. बाबूरावांनी तुला जुलैत फोन केला होता?"

"केला असेल."

"सीलचं सांगितलं होतं?"

"ते खूप काय काय सांगतात."

"ताई, मी तुला विचारलं होतं ना."

"नीट विचारलं नाहीस."

मला वाटलं आता ओरडेल. तयारी होती माझी. बावीस वर्षांचं सगळं तोंडाशी होतं. पण तो म्हणाला, "बरोबर आहे. मीच मानपूरला जायला हवं होतं. मला ऑर्डरींची घाई झाली होती." उठला, दाराशी थांबला. "आणि बाबांनी तुला विचारायला हवं होतं, रंगपंचमीला. मलाही तेव्हा वाटलं होतं. मी बोललो नाही."

गेला. भांडण करायलाही कणा लागतो. मग दिवसभर माझी मान दुखत होती, खुर्ची बदलायला हवी.

१४ नोव्हेंबर

मुंबईवाले तेच बूट घालून आले. कंपनीची किंमत त्यांनी मेमध्ये लावली होती त्याच्या निम्म्याच्याही खाली आणली, आणि चौथा नाही, आता त्यांना अर्ध्याहून जास्त हिस्सा हवाय. दुसरी पाळी बंद करायची. बँक कर्जासाठी त्यांच्याशिवाय थांबायला तयार नाही, त्यामुळे नाही म्हणायला जागाच नाही. त्यांच्यातला एक चाचणीचे कागद चाळत म्हणाला, मशीन बिघडणं समजू शकतो, पण जुलैत चाचणीवर असलेल्या मशीनची बातमी ऑक्टोबरपर्यंत वर पोचत नाही, अशा कंपनीचं मोल काय करायचं?

काकांनी विचारलं, "कुणाची चूक? मला नाव हवंय."

मी कागद सरळ करत होते. हात गार पडले होते, एसी फार होता.

यशवर्धन म्हणाला, "माझी. चाचणी पुरी होण्याआधी ऑर्डरी मी घेतल्या. दुसऱ्या कुणाचा संबंध नाही."

काका मग जे बोलले ते लिहीत नाही. पोराने खाली मान घालून ऐकून घेतलं.

घरी संजीवला सांगितलं.

"त्याने तुझं नाव घेतलं नाही?"

"नाही."

"का नसेल घेतलं?"

"हिंमत नाही, दुसरं काय."

संजीव ताटावरून उठला. अर्धी पोळी तशीच. तेव्हापासून तो त्याच्या कुंड्यांशी जास्त बोलतो.

३ डिसेंबर

यशवर्धनने राजीनामा दिला, आणि जाताना मुंबईवाल्यांना सांगितलं की एमडी इरावतीताईंना करा. "कारखाना त्यांच्याइतका कुणाला कळत नाही." खरं बोलला एकदा तरी. मुंबईवाल्यांना कारखान्यातलं ओळखीचं कोणी हवंच होतं. काकांनी मान हलवली. या वेळी मला विचारलं गेलं, आणि मी हो म्हटलं.

दुसरी पाळी शुक्रवारी सुटली ती सुटलीच. फाटकाशी कामगारांच्या बायका उभ्या होत्या. दोघी-तिघींना मी लग्नात आहेर केलाय. मी मागच्या दाराने गेले, माझी गाडी तिकडे होती. यशवर्धन मात्र रोज सांवेर रोडवरच्या एकेका कारखान्यात जाऊन बसतोय, आमची माणसं घ्या म्हणून. बऱ्याच जणांना कामं लावली म्हणतात. तो गेला म्हणून लोक रडत होते. ज्याने बुडवलं त्याच्यासाठी रडतात, आणि मी बावीस वर्षं पगार वेळेवर काढले त्याचं काही नाही. कामगारांची जात अशीच.

७ जानेवारी

एमडी म्हणून पहिला दौरा. मानपूर. गेलेली ऑर्डर ओढून आणायची तर सुरुवात जुन्या माणसापासून करावी.

बाबूरावांनी चहा दिला, गरम शेव दिली. 'गती' त्यांच्याकडे चालू होतं, चुरा ओढणारा पंखा भिरभिरत होता.

"मस्त चालतं आता," ते म्हणाले. "यश भिया दोन दिवस इथेच होते, जेवायलाही इथेच. पाकीट एकदम सही."

"मग पुढची मशीनं कधी पाठवू?"

त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. "ती मी अहमदाबादला सांगितली, ताईजी."

"आमच्या मशीनमध्ये आता काय खोट आहे?"

"मशीनमध्ये नाही." बशी तशीच हातात. "मी तुम्हाला जुलैत फोन केला होता. माझ्या गावातला माणूस असता तर संध्याकाळपर्यंत दारात आला असता. मी वाट बघितली. मग दिवाळीत बाकीच्यांचा माल सडला तेव्हा मला कळलं, की तुम्ही कुणाला सांगितलंच नाही. असं का केलंत?"

मी म्हटलं, त्या वेळी निर्णय माझ्या हातात नव्हते.

"अच्छा," ते म्हणाले, आणि नोकराला माझ्यासाठी शेवेची पिशवी भरायला सांगितली.

छोट्या गावातला व्यापारी. एका फोनवरून इतकं. रस्त्यात मी ड्रायव्हरला पिशवी देऊन टाकली.

१६ जानेवारी

माझी पहिली मीटिंग. पलासियाचं काचेचं ऑफिस बंद, सांवेर रोडवर, काकांच्या जुन्या टेबलाशी. मुंबईवाले खर्च कमी करा म्हणून मागे लागलेत. मी निर्णय घेऊन आले होते: पुढच्या 'गती'मधून तो चुरा ओढणारा पंखा काढून टाकायचा. वेग कमी केलाच आहे तर पंखा कशाला? यशवर्धनचं खेळणं ते. तेवढंच मशीन स्वस्त पडेल.

सुरभीने तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. मग मिटलं आणि वहीत मान घातली. हुशार मुलगी आहे, लवकर शिकली.

"कुणाला काही म्हणायचंय?" असं मी विचारलं नाही. त्या प्रश्नाने काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. चहा यायच्या आधी मीटिंग संपली. कुणी एक शब्द विरुद्ध बोललं नाही. काकांच्या वेळी असंच असायचं. घरी येऊन संजीवला म्हटलं, आज पहिल्यांदा वाटलं की कंपनी पुन्हा रुळावर आली.